चार खोडींचा लॅपटॉप

आमचा काळ्या बैल दुपारी बसतो, हे बाबानं सांगायला नको होतं. अजूनही माझं तेच म्हणणं आहे.

काळ्या आमचा तिसरा बैल, जोडीबाहेरचा. दिसायला असा देखणा की रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून त्याचे फोटो काढायचे. वांगणीहून पुंजा नावाचा माणूस त्याला बघायला आला. त्यानं काळ्याचे दात बघितले, खूर बघितले, शेपटी उचलून बघितली आणि खूश झाला. आता व्यवहार पुरा होणार एवढ्यात त्यानं विचारलं, "खोड काय?"

आमच्या घराची एक रीत आहे. बैल विकणाऱ्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवायचा आणि घेणाऱ्यानं तीनदा विचारायचं, खोड काय. तिसऱ्यांदा विचारल्यावर खोटं बोलायचं नाही. माझा आजा असंच करायचा. सूर्यमाळच्या बाकीच्या पाड्यांवर कोणी ही रीत पाळो न पाळो, माझा बाबा पाळतो. जिवा त्याचं नाव. मोखाड्यापासून जव्हारपर्यंत कोणाला बैल घ्यायचा झाला की दात बघायला त्याला बोलावतात, ते ह्याच कारणानं.

मी हंडा घेऊन दारात उभी होते आणि बाबाकडे बघून मान हलवत होते. सांगू नको, सांगू नको. बाबानं माझ्याकडे नीट बघितलं, मग काळ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"दुपारी बसतो," तो म्हणाला. "ऊन डोक्यावर आलं का औतासकट खाली बसतो. मंग तू शेपटी पिळ नायतर गाणं म्हण, उठत नाय."

"किती येळ?" पुंजानं विचारलं.

"त्याला वाटंल तवर."

पुंजानं अजून दोनदा विचारलं. बाबानं अजून दोनदा तेच सांगितलं, तिसऱ्यांदा तर काळ्या कसा बसतो ते स्वतः बसून दाखवलं. पुंजानं भाव उतरवला, आणि त्या उतरलेल्या भावात माझा नवा लॅपटॉप काळ्याच्या मागोमाग वांगणीला निघून गेला.

मी हंडा आपटला. "तुला कोणी विचारलं होतं?"

"त्यानंच विचारलं ना," बाबा म्हणाला. "तीनदा विचारलं."

आता लॅपटॉप कशाला हवा होता ते सांगते, म्हणजे मी उगाच भडकले असं तुम्हाला वाटायला नको. नाशिकला एक संस्था आहे. ती दर वर्षी आमच्यासारखी वीस मुलं निवडते आणि वर्षभर कॉम्प्युटरचं शिक्षण फुकट देते. पहिले तीन महिने घरून शिकायचं, मग नाशिकला राहायचं, आणि वर्ष संपलं की काम मिळतं. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा पाहिजे. मुलाखतसुद्धा त्याच लॅपटॉपवरून द्यायची, म्हणजे तो आहे हे त्यांना दिसतं. मागच्या वर्षी मी मोबाईलवरून दिली. समोरच्या मॅडमनी विचारलं, "लॅपटॉप कुठे आहे?" मी म्हटलं, "घेणार आहे." त्या म्हणाल्या, "घेतलात की या." दीड मिनिटात सगळं आटपलं. आणि अर्ज दोनदाच करता येतो. हा माझा दुसरा होता. मुलाखत सोमवारी अकराला.

"तुझा बैल बसतो, आता मीपण बसते घरी," मी बाबाला सुनावलं. "दोघांना कोंडा घाल."

"भांडा, पण आधी नागली वाळत घाला," आई आतून म्हणाली. आईचं नाव ठकी. आमच्या भांडणात ती कधी बाजू घेत नाही, फक्त काम सांगते.

रविवारी सकाळच्या जीपनं मी आणि बाबा जव्हारला गेलो. तिथं रोहिदासमामा होता. मामा शाळेत मास्तर आहे, त्यामुळे त्याला सगळ्यातलं कळतं.

"हे बघा भावजी," मामानं रस्त्यातच सुरुवात केली. "जुनी वस्तू म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी विकत घ्यायची. जयवंतीला नवाच घ्या. कमी पडले तर हप्त्यावर घ्या."

"हप्त्यावर बैल घेत नाय मी," बाबा म्हणाला.

"बैल नाही भावजी, लॅपटॉप."

"तोच तो."

खरं सांगते, त्या वेळी मी पूर्ण मामाच्या बाजूनं होते. मला नवाच हवा होता. शाळेची पुस्तकं मला शेजारच्या सपनाताईची मिळाली, दप्तर सपनाताईचं, सायकल आश्रमशाळेतून आली तिचा ब्रेकसुद्धा दुसऱ्या सायकलचा. नव्या वस्तूवरचं पातळ प्लास्टिक आपल्या हातानं सोलायचं, एवढी माझी इच्छा होती. त्यात काय पाप आहे?

बाजारातल्या दुकानात गेलो. आत गार हवा आणि काचेचं टेबल, आणि त्यावर उघडलेला राखाडी लॅपटॉप. दुकानातला माणूस भराभरा बोलायला लागला. आठ जीबी रॅम, पाचशे बारा एसएसडी, हे इतकं, ते तितकं. बाबानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग खाली वाकून लॅपटॉपची बटणं बघितली. एकेक बोटानं दाबून बघितली, वरची रांग, मधली रांग, खालची रांग. मला कळलं तो काय करतोय ते. दात बघत होता.

"कोवळा हाय," बाबा मला म्हणाला. मग त्या माणसाला विचारलं, "खोड काय?"

"काका, नवीन पीस आहे. खोड कसली?"

"नवा असला तरी जातीची खोड असती. काय खोड हाय?"

"काहीच नाही काका, एकदम बेस्ट. एक वर्षाची वॉरंटी देतो ना आपण."

"म्हंजे एका वर्षानंतर हाय खोड."

मामा पंख्यांची रांग बघायला दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेला. दुकानात त्याच्या शाळेतल्या कुणा मुलाचे आईबाप होते.

"बरं, एक रात घेऊन जातो," बाबा म्हणाला. "चालवून बघतो. बेस वाटला तर उद्या पैसे आणून देतो."

त्या माणसानं आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबाकडे. "काका, हा फक्त बघायला ठेवलाय. तुम्हाला खोक्यातला मिळणार. आणि खोक्याचं सील फोडलं की परत घेत नाही."

"म्हंजे तोंड न उघडता बैल घ्यायचा," बाबा म्हणाला आणि बाहेर पडला.

मी त्याच्या मागं धावले. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण बाहेर आल्यावर खोक्यावरची किंमत आठवली आणि बोलायचं ते तोंडातच राहिलं. खोड न सांगता काळ्या विकला असता तर कदाचित जमलं असतं. खोड सांगून विकलेला काळ्या तिथपर्यंत पोचत नव्हता.

मग स्टँडजवळ उमेशच्या टपरीवर गेलो. उमेश मोबाईल दुरुस्त करतो आणि जुने लॅपटॉप विकतो. त्यानं पाच काढून ओळीनं मांडले, सगळे पुसून चकचकीत केलेले.

"हा कोणाच्या घरचा?" बाबानं विचारलं.

"बँकेतल्या साहेबांचा. दिवसातून एकदा उघडायचे बघा, जास्त नाही."

"साहेबाला भेटाया मिळंल का?"

"बदली झाली त्यांची."

"मंग ह्यो?"

"हा फॉरेस्टच्या साहेबांचा. त्यांची पण बदली झाली."

पाचही लॅपटॉपच्या मालकांची बदली झालेली होती. बाबानं शेवटच्यावर उमेशचा हात धरून ठेवला आणि खोड विचारली. उमेशनं हात असा झटकला, जणू त्या लॅपटॉपला करंट होता. कदाचित असेलही.

एव्हाना दुपार झाली होती आणि माझं डोकं पार फिरलं होतं. मी स्टँडच्या कट्ट्यावर जाऊन बसले. "तू बैल बघत बस," मी बाबाला म्हटलं. "उद्या अकरा वाजता मी त्या मॅडमना सांगते, माझ्या बाबाला खोड सापडली नाही म्हणून मी लॅपटॉप घेतला नाही."

बाबा भेळ घेऊन आला आणि अर्धी माझ्यापुढं ठेवली. ही त्याची भांडायची पद्धत आहे आणि तिचा मला फार संताप येतो.

शेवटी मामालाच आठवलं. पंचायत समितीतल्या एका कारकुनाची मुलगी, हर्षदा, कॉलेज संपवून ठाण्याला नोकरीला लागली होती. कंपनीनं तिला नवा लॅपटॉप दिल्यामुळं जुना ती विकणार होती. सुट्टी घेऊन ती चार दिवस घरी आलेली होती. मामानं फोन केला आणि आम्ही तिच्या घरी गेलो.

हर्षदा माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी. तिनं लॅपटॉप आणून ओसरीवर ठेवला. काळा, जाडजूड. झाकणावर मांजराचं अर्धं निघालेलं चित्र. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. मांजरसुद्धा पूर्ण नव्हतं.

बाबा मात्र पुढं सरसावून बसला. त्यानं दात बघितले. तीन-चार बटणांवरची अक्षरं पार पुसून गेली होती.

"काम केलेला हाय," तो म्हणाला. आवाजात आदर होता. "काय काम केलं ह्याच्यावर?"

"बी.कॉम.चा अभ्यास," हर्षदा म्हणाली. "लोकांचे फॉर्म भरले. आणि सिरियल बघितल्या."

"खोड काय?"

हर्षदाला कळेना. मामा लाजून गप्प, म्हणून शेवटी मीच तिला रीत समजावून सांगितली. मला वाटलं, ही आता हसणार. ती हसली नाही. तिनं लॅपटॉपच्या झाकणावर, त्या अर्ध्या मांजरावर, नीट हात ठेवला.

"डावीकडची बिजागरी सैल झालीय," ती म्हणाली. "मागून आधार दिला नाही तर स्क्रीन आडवा पडतो."

"बेस," बाबा म्हणाला. "आनखी खोड?"

"बॅटरी चाळीस मिनिटं चालते. फार तर पंचेचाळीस."

"अगं, एक तास सांग ना," तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"चाळीस," हर्षदा म्हणाली. "आणि सातचं बटण दोनदा दाबावं लागतं."

बाबा तिसऱ्यांदा विचारायच्या आधी जरा थांबला. "आनखी?"

आतून तिची आई चहाचे कप घेऊन आली होती, ती दारातच उभी राहून लेकीकडे बघत मान हलवायला लागली. सांगू नको, सांगू नको. मी त्या काकींकडे बघत राहिले. अगदी माझ्यासारखीच मान हलत होती त्यांची.

"एकदा त्याच्यावर चहा सांडला होता," हर्षदा म्हणाली. "वाळवला, मग चालू झाला. पण सांडला होता."

काकींनी कप ठेवले आणि कपाळावर हात मारून आत निघून गेल्या. बाबा मात्र मला कधी नव्हे इतका आनंदात दिसला.

"चार खोडी," तो म्हणाला. "चारी सांगितल्या. घ्यायचा."

मामा घासाघीस करायला लागला तर बाबानं त्याला हातानंच थांबवलं. खोड सांगणाऱ्याशी भाव करायचा नाही, हीसुद्धा रीत. हर्षदानं मला आत नेलं, पासवर्ड लिहून दिला, कुठलं काय कुठं आहे ते दाखवलं. बाहेर बाबानं लॅपटॉप आपल्या टॉवेलात बांधला, बगलेत मारला, आणि आम्ही सूर्यमाळला जाणारी शेवटची जीप पकडली. जीपमध्ये पंधरा माणसं होती. बाबानं लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याच्यावर पूर्ण रस्ताभर हात ठेवला होता.

घरी आल्यावर मी तो आईला दाखवला. हर्षदानं स्क्रीनवर दाभोशाच्या धबधब्याचा फोटो ठेवला होता. दाभोसा म्हणजे आईचं माहेर, त्यामुळं ती तो फोटो बराच वेळ बघत बसली. आपलं घर कुठल्या बाजूला येईल ते तिनं मला बोटानं दाखवलं. मग शेजारची धाकली आली, मग रुपी आली, सगळ्यांना धबधबा दाखवून झाला. मी खाली कोपऱ्यात बघितलं. बॅटरी पंचावन्न टक्के.

"बाबा, चार्जर दे," मी म्हटलं.

"काय?"

"चार्जर. काळी वायर. त्याच्याबरोबर होती ती."

"दावं होय," बाबा म्हणाला. "ते दिलं त्यांना परत."

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. बैल विकला की दावं विकत नाहीत. दावं घरधन्याकडं राहतं, घेणाऱ्यानं स्वतःचं आणायचं. काळ्यालासुद्धा पुंजा नव्या दोरानंच घेऊन गेला होता, जुना दोर अजून आमच्या खुंटीला आहे. मी आत पासवर्ड लिहीत असताना बाबानं चार्जरची वायर नीट गुंडाळून काकींच्या हातात दिली होती. काकींनीही घेतली. त्यांना वाटलं, आमच्याकडे आधीचा असेल.

पुढची दहा मिनिटं मी काय काय बोलले ते लिहिता येणार नाही. रुपी आणि धाकली आपापल्या घरी गेल्या. शेवटची जीप निघून गेलेली, दुसरी सकाळी. हर्षदाला फोन लावला तर ती इतकी हसली की तिला बोलता येईना. मग म्हणाली, "सकाळी पहिल्या जीपच्या ड्रायव्हरकडे देते." पहिली जीप आमच्याकडे बारा वाजता पोचते. मुलाखत अकराला. सकाळी शाळेतल्या गुरुजींचा चार्जर मागून आणला, त्याची पिन जाड निघाली.

"पंचावन्न टक्के हाय ना?" बाबा म्हणाला. "चाळीस मिनिटांतली निम्मी झाली. वीस ऱ्हायली. ती पोरगी खरं बोलली म्हणून हिशेब तरी लागतो."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मी जास्तच भडकले.

आमच्या पाड्यावर नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या कातळावर येतं. टाकीत पाणी मार्चपर्यंत असतं, नेटवर्क मात्र बारा महिने. अकराला पाच कमी असताना मी कातळावर घोंगडी घालून बसले. मोबाईलचं नेट लॅपटॉपला जोडलं. स्क्रीन हळूच मागं आडवा पडला. मी उभा केला, पुन्हा पडला. मग बाबा न बोलता लॅपटॉपच्या मागं जाऊन बसला आणि त्यानं झाकण हातानं धरून ठेवलं.

अकराला मी हजर. मॅडम नाहीत. बॅटरी अठ्ठेचाळीस. पाच मिनिटं गेली, बॅटरी पस्तीस. सात मिनिटांनी मॅडम दिसल्या, त्याच, मागच्या वर्षीच्या.

"जयवंती, या वेळी लॅपटॉप आहे वाटतं," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

त्यांनी शिक्षण विचारलं, घरी कोण कोण ते विचारलं, हेच का शिकायचं ते विचारलं. मी मोबाईलवर बघून पाठ केलेली उत्तरं भराभर देत होते, एक डोळा बॅटरीवर. बावीस. मॅडम मध्येच थांबल्या.

"स्क्रीनच्या वर ती बोटं कोणाची आहेत?"

मी बघितलं. माझ्या छोट्या चौकोनात, माझ्या डोक्याच्या वर, चार जाडजूड काळी बोटं दिसत होती.

"बाबाची," मी म्हटलं. "लॅपटॉप जुना आहे मॅडम. त्याला आडवं पडायची खोड आहे, म्हणून बाबानं धरलाय. बॅटरी पण चाळीस मिनिटांचीच आहे, आणि ती आता संपत आलीय, म्हणून मी भराभर बोलतेय."

"हे घेताना माहीत होतं?"

"हो. जिच्याकडून घेतला तिनं सांगितलं. आमच्यात तीनदा विचारतात."

मॅडमना त्यात गंमत वाटली. सगळं सांगायला लावलं त्यांनी, काळ्याचंसुद्धा. बॅटरी बारा.

"बरं मग," त्या म्हणाल्या, "तुमची खोड काय?"

हा प्रश्न मला पाठ होता. तुमचा एखादा दोष सांगा, असा तो मोबाईलवर येतो, आणि उत्तर ठरलेलं असतं. मी म्हटलं, "मी कामात इतकी बुडून जाते की मला वेळेचं भान राहत नाही."

"कधी?" लॅपटॉपमागून बाबा म्हणाला.

मॅडम हसल्या. "खोड काय?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"मी सगळ्यांना मदत करायला जाते आणि मग माझंच—"

बाबानं घसा खाकरला. बॅटरी सात. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"खोड काय, जयवंती?"

तिसऱ्यांदा विचारलं होतं. मला बाबाचं तोंड दिसत नव्हतं, फक्त चार बोटं दिसत होती, आणि ती अजिबात हलत नव्हती. खरं सांगितलं की काय होतं ते मी दारात उभी राहून बघितलं होतं. भाव उतरतो.

"मी भडकते," मी म्हटलं. "लगेच. कालपासून बाबावर चार वेळा भडकले, त्यातल्या तीन वेळा त्याची चूक नव्हती. मागच्या वर्षी तुम्ही फोन बंद केल्यावर तुमच्यावर पण भडकले होते. मी तुम्हाला काय म्हटलं ते सांगत नाही."

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. "तुमच्या बाबांना विचारलं तर चालेल?"

मी काही म्हणायच्या आत बाबा उठला. त्याला रीत आधी दिसते, बाकी सगळं मागून. पाठीवर हात ठेवल्याशिवाय खोड सांगायची नाही. त्यानं लॅपटॉप सोडला, कातळाला वळसा घालून माझ्या मागं आला आणि माझ्या पाठीवर पसरट हात ठेवला. तिकडं स्क्रीन सावकाश मागं कलला. मॅडमना त्या क्षणी बहुतेक आभाळ दिसत असावं.

"भडकती," बाबा आभाळाकडं बघत मोठ्यानं म्हणाला. "आज्यावर गेलीय. पण—"

लॅपटॉप बंद पडला.

मी काळ्या स्क्रीनकडे बघत राहिले. बटण दाबलं, दाबून धरलं, काही नाही. मोबाईलवरून पुन्हा जोडावं तर मोबाईलवरची मुलाखत धरतच नाहीत. आणि शेवटचं काय गेलं होतं? भडकती, आज्यावर गेलीय. माझ्या सख्ख्या बापानं माझ्या शेवटच्या मुलाखतीत सांगितलेलं शेवटचं वाक्य.

मग मी बोलले. टाकीवरचे कावळे उडून गेले एवढं बोलले. काळ्यापासून सुरुवात केली, चार्जरपर्यंत आले, आज्यालासुद्धा सोडलं नाही. बैलाच्या रिती बैलाला लाव, मी बैल आहे का, असं विचारलं. बाबानं सगळं ऐकून घेतलं. तो ओशाळला होता, ते मला दिसत होतं, आणि त्याचा मला आणखी राग येत होता. बारा वाजता खालून जीपचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर पिशवी घेऊन वर आला. आत गुंडाळलेला चार्जर आणि हर्षदाची चिठ्ठी होती, "दावं पाठवतेय. परत देऊ नका." मी ती पिशवी मांडीवर घेतली आणि रडले. दुसरं काय करणार होते?

तेवढ्यात मोबाईल वाजला. नाशिकचा नंबर.

"जयवंती, तुमची बॅटरी चाळीस मिनिटांचीच आहे, खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तुमच्या बाबांचं वाक्य अर्धं राहिलं. मला पुढचं लिहायचंय. त्यांना द्या."

मी मोबाईलचा आवाज मोठा करून बाबासमोर धरला. बाबानं आधी टॉवेलनं तोंड पुसलं. मग पुन्हा माझ्या पाठीवर हात ठेवला. मॅडमना तो दिसत नव्हता, तरी ठेवला.

"भडकती," तो म्हणाला. "पण बसत नाय."

"बसत नाही म्हणजे?"

"ऊन झालं, पाणी नसलं, कोणी नाय बोललं, तरी बसत नाय. मागल्या साली तुमी नाय म्हनलं. घरी आली, दोन दिस भडकली, तिसऱ्या दिशी परत पुस्तक घेऊन ह्या कातळावर. येक दिस खाडा नाय. मी बैल लय बघितलं बाई. न बसणारं जनावर मी हे येकच बघितलं."

तिकडं मॅडम लिहीत असाव्यात, कारण कागदाचा आवाज येत होता.

"पुढच्या सोमवारी सकाळी दहाला वर्ग सुरू," त्या म्हणाल्या. "जयवंतीला सांगा, चार्जर लावून ठेव."

फोन ठेवल्यावर बाबानं मला विचारलं, "जनावर म्हनलो, राग आला का?" त्याचा हात अजून माझ्या पाठीवरच होता. "तीनदा विचार," मी म्हटलं.